कन्सोलची घोषणा: भर मंडपात की घरबसल्या व्हिडिओत?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी. नवीन कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, प्रदर्शनात जाहीर करावं की स्वतःच्या व्हिडिओत, हा बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, आज मांडतोच.

2025 च्या जानेवारीत लास वेगासला सीईएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन, भरलं. हातात धरून खेळायच्या यंत्रांची तिथे रेलचेल होती, लेनोव्होने व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम-ओएस या प्रणालीवर चालणारं लीजन गो एस दाखवलं. पण ज्याची सगळे वाट पाहत होते ते निन्टेन्डो स्विच 2 प्रदर्शनात आलंच नाही. प्रदर्शन उरकल्यावर 16 जानेवारीला निन्टेन्डोने एक छोटा व्हिडिओ टाकला आणि झाली घोषणा. त्यात किंमत नव्हती. 2 एप्रिलला तासभराचा कार्यक्रम केला, त्यातही किंमत कोणी तोंडाने सांगितली नाही. ती नंतर वेगळी कळली, 449.99 डॉलर. 5 जूनला यंत्र बाजारात.

ई-थ्री हे अमेरिकेतलं व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन, सोनी 2019 पासूनच तिथे जायची थांबली होती. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स डिसेंबर 2019 मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात दिसला. डिसेंबर 2023 मध्ये तर ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं आयोजकांनीच सांगून टाकलं.

माझं म्हणणं असं की यात आपलं, म्हणजे खेळणाऱ्यांचं, नुकसान झालंय. एकाच मंडपात सगळे असायचे तेव्हा एकाने काही बोललं की त्याच दिवशी दुसरा उत्तर द्यायचा. आता प्रत्येक जण आपापल्या अंगणात बोलतो, आणि प्रश्न विचारायला समोर कोणी नसतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

वाटसरू

मला तर व्हिडिओच बरा वाटतो. आपल्या सवडीने बघता येतो, कंटाळा आला की पुढे ढकलता येतो. रात्री जागून दोन तास भाषणं ऐकायची हौस फिटली आता.

---

जुनाजाणता

सुतारपक्षी, शंभर टक्के सहमत. आणि या विषयावर बोलायचं तर 1995 चा मे महिना सोडून चालणारच नाही.

लॉस एंजेलिसला पहिलं ई-थ्री. सेगा कंपनीचा सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत 2 सप्टेंबरला येणार हे आधीच जाहीर होतं. सेगाचे टॉम कॅलिन्स्की मंचावर आले आणि म्हणाले, सॅटर्न आजपासूनच दुकानात आहे, 399 डॉलरला. काय खळबळ उडाली असेल! मग सोनीची पाळी. स्टीव्ह रेस मंचावर गेले, "299" एवढंच बोलले आणि खाली उतरले. एक आकडा, बस्स. पहिल्या प्लेस्टेशनची किंमत.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ते भाषण मी पहिल्यांदा मासिकात वाचलं होतं, चार ओळींची बातमी होती. तरी वाचताना अंगावर काटा आला होता. असं उत्तर व्हिडिओतून देता येईल का? समोरच्याचे शब्द हवेत असतानाच ते द्यावं लागतं.

---

चकलीचा_काटा

थोडं असहमत, जुनाजाणता. गोष्ट रंगते खरी, पण सॅटर्न त्या एका आकड्याने बुडाला असं समजू नका.

सेगाने माल फक्त चार दुकानसाखळ्यांना दिला होता. बाकीच्यांना पत्ताच नाही. केबी टॉईजसारखी मोठी साखळी इतकी दुखावली की त्यांनी सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. शिवाय यंत्र चार महिने आधी आणलं, पण बाहेरच्या कंपन्यांचे खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने तयार होत होते. लोकांनी यंत्र घेतलं आणि खेळायला मोजकंच काहीतरी. त्यात हिताचीचे दोन एसएच-2 प्रोसेसर एकत्र राबवायचे, म्हणजे प्रोग्रामरच्या नाकी नऊ.

आणि हेच यंत्र जपानात चांगलं चाललं होतं! म्हणजे दोष यंत्राइतकाच त्या "आजपासूनच" या शब्दाचाही होता. मंचावर सगळ्यांना चकित करायच्या नादात दुकानदार आणि खेळ बनवणारे दोघेही तोंडघशी पडले. तेव्हा प्रदर्शनाचा हा तोटाही मोजा.

---

जुनाजाणता

दुकानदारांचा मुद्दा मान्य. मी तो सोडलाच होता.

---

मृण्मयी_क

मला एक कळत नाही, सीईएस असताना ई-थ्री वेगळं काढायची गरज काय पडली? दोन्हीकडे यंत्रंच ना?

---

पोथीवाला

@मृण्मयी_क, मानाचा प्रश्न होता तो.

सीईएस सुरू झालं 1967 मध्ये, न्यूयॉर्कला. पुढे ते वर्षातून दोनदा भरायचं, हिवाळ्यात लास वेगास आणि उन्हाळ्यात शिकागो. अटारीचं व्हीसीएस 1977 मध्ये तिथेच दिसलं, निन्टेन्डोचं एनईएस 1985 मध्ये तिथेच. पण टीव्ही, टेपरेकॉर्डर, टेलिफोनवाल्यांच्या लेखी व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ. सेगाच्या कॅलिन्स्कींनी मुलाखतींत सांगितलंय की त्यांना मागच्या बाजूला तंबूत जागा दिली होती, पाऊस आला आणि तंबू गळायला लागला, खाली त्यांची यंत्रं. तिथून वेगळी चूल मांडायचं घाटलं.

आता सीईएस आणि कन्सोल म्हटलं की मला 1991 चं शिकागो आठवतं. जून महिना. सोनीने जाहीर केलं की निन्टेन्डोसोबत सीडीवर चालणारं यंत्र आणतोय, नाव प्ले स्टेशन. दुसऱ्या दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेन्डोने सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर काम करणार! चोवीस तासांत भरल्या ताटावरून उठवलं सोनीला.

कारण करारात होतं. 1988 च्या करारानुसार सीडीवरच्या खेळांचे हक्क बऱ्याच अंशी सोनीकडे जात होते आणि निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना ते खपणारं नव्हतं. सोनीतले केन कुतारागी मात्र गप्प बसले नाहीत, त्यांनी स्वतंत्र यंत्राचा हट्ट धरला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अर्धवट राहिलेल्या जोडयंत्राचा एक नमुना 2020 मध्ये लिलावात 3,60,000 डॉलरला गेला.

---

टिकटिक

म्हणजे लग्नाच्या मंडपात नवरीने दुसऱ्याच्या गळ्यात माळ घातली, आणि रागावलेल्या नवऱ्याने पुढे सगळा बाजार जिंकला! पोथीवाले, अजून लिहा, वाचतोय.

---

कोडगी

मी खेळ बनवणाऱ्यांच्या बाजूची. नाव सांगता येणार नाही अशा एका कंपनीत काही वर्षं होते, तेव्हाचा अनुभव.

प्रदर्शनाची तारीख ठरली की आमचा मूळ खेळ बाजूला पडायचा. दोन-अडीच महिने सगळी टीम फक्त दहा मिनिटांच्या डेमोवर. त्यासाठी एक टप्पा खास सजवायचा, अवघड जागी खेळाडू जाऊच नये म्हणून दारं बंद करायची, शत्रूचं बळ कमी ठेवायचं. या कामातलं निम्मं पुढे मूळ खेळात वापरताच येत नाही, कारण ते घाईत जोडलेलं असतं.

एका वर्षी मी स्टॉलवर उभी होते. कंट्रोलरला पोलादी तार बांधलेली, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. दिवसभर शेकडो हात त्यावर, दर तासाला पुसायचं कापड घेऊन मीच फिरायचे. दुपारी एक जण खेळायला बसला आणि सरळ निघायच्या ऐवजी मागे वळून भिंतीला घासत चालायला लागला. आम्ही कोणीच तसं खेळून पाहिलं नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यात पात्र अडकलं आणि पडदा गोठला. मागे रांगेत चाळीसेक माणसं. आमच्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर मला झापलं. चूक माझी नव्हती, त्या भिंतीचं काम माझ्याकडे नव्हतंच. ते अजून लागून राहिलंय मनाला.

म्हणून माझं मत, व्हिडिओ झाले ते चांगलं झालं. निदान तयारी झाल्यावर दाखवता येतं.

---

चकलीचा_काटा

@कोडगी, वाचून वाईट वाटलं. रांगेसमोर झापणं हे काही वरिष्ठपण नव्हे.

---

सुतारपक्षी

कोडगी, मनापासून लिहिलंत, आभार. पण बघा ना, तो माणूस मागे वळला म्हणूनच ती भिंत सापडली. व्हिडिओत मागे वळणारं कोणी नसतं. बनवणाऱ्याला हवं तेवढंच आम्हाला दिसतं.

---

तिसरी_घंटा

सुतारपक्षींच्या मुद्द्याला जोड देते. ई-थ्री 2005 घ्या. सोनीने प्लेस्टेशन 3 दाखवताना किलझोन या खेळाची जी चित्रफीत लावली ती पाहून सगळे थक्क झाले. पुढे उघड झालं की ती यंत्रावर चालत नव्हतीच, आधीच तयार करून ठेवलेली फिल्म होती.

त्याच प्रदर्शनात एक्सबॉक्स 360 चे खेळ लोक प्रत्यक्ष खेळत होते. पत्रकारांनी स्टॉलच्या कपाटात डोकावून पाहिलं तर आत ॲपलचे पॉवर मॅक जी-5! यात फसवणूक म्हणण्यासारखं फारसं नव्हतं. 360 चा प्रोसेसरही त्या मॅकसारखाच पॉवरपीसी घराण्यातला होता, खरं यंत्र अजून तयार व्हायचं होतं, म्हणून खेळ बनवणाऱ्यांना तीच मॅकची पेटी दिली होती. पण मायक्रोसॉफ्टच्या स्टॉलखाली ॲपलची पेटी आहे हे जगाला कळलं कशामुळे? कोणीतरी तिथे वाकून पाहिलं म्हणून.

व्हिडिओत वाकून बघायला कपाटच नाही.

---

निशाचर

"व्हिडिओत वाकून बघायला कपाटच नाही." +१०००

---

वाटसरू

पण तुम्ही सगळे स्वतः प्रदर्शनात गेल्यासारखे बोलताय. ई-थ्रीला बरीच वर्षं फक्त धंद्यातली माणसं आणि पत्रकार जायचे, सामान्य लोकांसाठी तिकिटं 2017 मध्ये निघाली. म्हणजे आपल्यासाठी तेव्हाही तो व्हिडिओच होता!

आणि स्विच 2 चं म्हणाल तर निन्टेन्डोने एप्रिलपासून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो अशा शहरांत लोकांना हातात द्यायचे कार्यक्रम केले. तिथे पत्रकार नव्हे, साधी माणसं खेळली. जुन्या पद्धतीपेक्षा हे जास्त मोकळं नाही का?

---

सुतारपक्षी

हा मुद्दा वजनदार आहे. विचार करून लिहितो.

---

मृण्मयी_क

हातात धरून बघण्यावरून निन्टेन्डोचा वी हा कन्सोल आठवला. 2005 च्या टोकियो गेम शोमध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी त्याचा हात हलवून खेळायचा रिमोट दाखवला तेव्हा चित्रफितीत खेळ दिसतच नव्हते, नुसती हात हलवणारी माणसं. कोणी तलवारीसारखा फिरवतंय, कोणी मासा ओढतंय. मला तेव्हा काहीही झेपलं नव्हतं. पुढच्या वर्षी ई-थ्रीला लोकांनी टेनिस खेळून पाहिलं, स्टॉलसमोर तासन् तास रांगा लागल्या. त्याच आठवड्यात प्लेस्टेशन 3 ची किंमत जाहीर झाली होती, 60 जीबीचं यंत्र 599 डॉलर.

वी नंतर आमच्या घरी आलं. माझी आई, जिने आयुष्यात कधी गेमचं बटण दाबलं नव्हतं, ती पदर खोचून बोलिंग खेळायला उभी राहिली. पहिल्याच फटक्यात सगळ्या पिना पडल्या आणि तिने मागे वळून आम्हाला विचारलं, "आता पुढे काय करायचं?" ते कुठल्याही घोषणेत समजावून सांगता आलं नसतं, हातातच द्यावं लागतं.

---

पोथीवाला

मृण्मयी, छान लिहिलंस. उलट उदाहरणही निन्टेन्डोचंच आहे. 2011 च्या ई-थ्रीत वीनंतरचा कन्सोल, वी यू, दाखवला तेव्हा पडदावाल्या कंट्रोलरचंच इतकं कौतुक झालं की हे नवीन यंत्र आहे की जुन्या वीला जोडायची वस्तू, हेच कित्येकांना कळेना. नावही सारखंच. मंच मिळाला म्हणजे सांगणं जमतंच असं नाही.

---

जुनाजाणता

सगळं मान्य, पण सुतारपक्षींच्या मूळ मुद्द्याचं सर्वात ठसठशीत उदाहरण अजून कोणी दिलंच नाही. 2013!

21 मेला मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या आवारात, रेडमंडला, एक्सबॉक्स वन दाखवला. टीव्ही, टीव्ही आणि टीव्ही. मग हळूहळू बाहेर आलं की यंत्राने दर 24 तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि जुना खेळ मित्राला द्यायचा किंवा विकायचा तर त्यावर बंधनं. लोक चिडले, पण कंपनी ठाम होती.

मग 10 जून, ई-थ्री. सकाळी मायक्रोसॉफ्ट म्हणालं 499 डॉलर. संध्याकाळी सोनीचे जॅक ट्रेटन उभे राहिले आणि म्हणाले जुने खेळ विका, उसने द्या, कायमचे ठेवा, आमची हरकत नाही. इंटरनेटची हजेरीही नको. किंमत 399. लोक उभे राहून ओरडत होते. सोनीने एक इवलीशी चित्रफीतही टाकली, प्लेस्टेशनवर खेळ मित्राला कसा द्यावा: सोनीचे शुहेई योशिदा खेळाची डबी पुढे करतात, समोरचा घेतो, संपलं.

19 जूनला मायक्रोसॉफ्टने ती बंधनं मागे घेतली. नऊ दिवसांत! तोवर तीन आठवडे लोक ओरडत होते तेव्हा काही हललं नव्हतं. शेजारच्याने त्याच दिवशी, त्याच शहरात वेगळं करून दाखवलं तेव्हा हललं.

---

चकलीचा_काटा

एक दुरुस्ती नव्हे, भर. 499 आणि 399 मधल्या त्या शंभर डॉलरमध्ये किनेक्ट, म्हणजे हालचाल टिपणारा कॅमेरा, होता. तो प्रत्येकाच्या गळ्यात मारलेला. जून 2014 मध्ये किनेक्टविना यंत्र विकायला काढलं तेव्हा तेही 399 ला आलं.

---

तिसरी_घंटा

आणि याच सोनीने फेब्रुवारी 2013 मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचा कार्यक्रम केला तेव्हा प्लेस्टेशन 4 चा फक्त कंट्रोलर दाखवला, यंत्र दाखवलंच नाही! दोन तास यंत्राची घोषणा आणि यंत्र गैरहजर. ते दिसलं जूनमध्ये, ई-थ्रीला. स्वतःच्या घरी लपवता येतं, मंडपात पेटी टेबलावर ठेवावी लागते.

---

टिकटिक

मुलीच्या घरी बघायला गेलो आणि फक्त तिच्या बांगड्या दाखवल्या!

---

आईचा_नंबर_पहिला

मी खेळत नाही, पण बारा वर्षांचा मुलगा आहे. कुठे काही घोषणा झाली की "आई, आता घेऊ नकोस, नवीन येतंय" आणि दोन महिन्यांनी "आई, ते लांबलं". या घोषणांवर विसंबून घ्यायचं की थांबायचं, कोणीतरी सरळ सांगाल का?

---

पोथीवाला

ताई, सरळ सांगतो. घोषणेत तीन गोष्टी आहेत का बघा: नक्की तारीख, नक्की किंमत, आणि जुने खेळ नव्यावर चालणार की नाही. तिन्ही असतील तर थांबायचा विचार करा. एकही नसेल तर ती घोषणा तुमच्यासाठी नाही, ती गुंतवणूकदारांसाठी आणि स्पर्धकांसाठी आहे.

उदाहरण म्हणजे पहिला एक्सबॉक्स. जानेवारी 2001, सीईएसमध्ये बिल गेट्स यांनी पहिल्यांदा तयार यंत्रावरचं कापड काढलं, सोबतीला कुस्तीपटू द रॉक. धमाल उडाली, पण किंमत नाही. ती आली मे महिन्यात ई-थ्रीला, 299 डॉलर, आणि यंत्र 15 नोव्हेंबरला. जानेवारीत कापड, नोव्हेंबरात पेटी. मुलाचं एक वर्ष त्यात गेलं असतं.

आणि न येणारीही असतात. फँटम नावाचं कन्सोल 2004 च्या ई-थ्रीला चक्क स्टॉलवर होतं, बाजारात कधीच आलं नाही.

---

निशाचर

यात व्हॉल्व्हची गोष्ट हवीच. 2014 च्या सीईएसला व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी स्टीम-ओएसवर चालणाऱ्या स्टीम मशिन दाखवल्या. डझनभराहून जास्त कंपन्यांच्या पेट्या, 499 डॉलरपासून हजारोंपर्यंत. बाजारात आल्या 2015 च्या नोव्हेंबरात आणि फुसक्या निघाल्या, कारण स्टीम-ओएस हे लिनक्सवर बेतलेलं, विंडोजचे बहुतेक खेळ त्यावर चालतच नव्हते. कंपनीने मग गाजावाजा न करता प्रोटॉन या सॉफ्टवेअरवर काम केलं, 2018 मध्ये ते बाहेर आलं आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर चालू लागले. 2021 मध्ये हातात धरून खेळायच्या स्टीम डेकची घोषणा झाली ती फक्त वेबपानावर. 399 डॉलर, नोंदणी सुरू. ना मंच, ना टाळ्या. ते चाललं.

म्हणून मी अर्धा वाटसरूंच्या बाजूने. मंडपातल्या डझनभर पेट्यांपेक्षा ती काही वर्षांची मेहनत मोठी. मला तर सीईएस 2025 मधल्या त्या लेनोव्होच्या पेटीत 2014 चीच घोषणा अकरा वर्षांनी पुरी होताना दिसली.

---

आईचा_नंबर_पहिला

पोथीवाले भाऊ, तीन गोष्टी लिहून फ्रिजवर लावल्या. मुलाने वाचल्या आणि म्हणाला, "हे बरोबर आहे." धन्यवाद!

---

सुतारपक्षी

वाटसरू, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. सामान्य माणसाला प्रदर्शनात जाता येत नव्हतं हे खरं, आणि निन्टेन्डोच्या त्या कार्यक्रमांत लोक खेळले हेही चांगलंच. पण तिथे फक्त निन्टेन्डोचं यंत्र होतं. शेजारी दुसरं यंत्र नव्हतं, तुलना करायला पाय उचलून दहा पावलं चालत जाता येत नव्हतं. 2006 च्या ई-थ्रीला माणूस एका यंत्रासमोरून उठून दुसऱ्याच्या रांगेत जात होता आणि ती रांग जगाला दिसत होती. मला ती रांग परत हवी आहे. भाषणं गेली तरी चालतील.

कोडगी, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तो डेमो गोठल्यावर पुढे काय केलंत?

---

कोडगी

आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या त्या डेमो आवृत्तीत, बटणांची एक गुप्त जोडणी होती. वरची दोन्ही खांदा-बटणं, स्टार्ट आणि सिलेक्ट एकत्र तीन सेकंद दाबली की सगळं पहिल्यापासून सुरू. पण पडदा पूर्ण गोठला होता, ते चाललं नाही. गुडघ्यावर बसून कपाट उघडलं, मागची तार ओढून परत लावली. सव्वा मिनिट लागलं. माझे हात थरथरत होते.

तो माणूस गेला नाही. मला म्हणाला, "मी काही चुकीचं केलं का?" मी म्हटलं, नाही, उलट बरं केलंत. मग त्याने परत पहिल्यापासून खेळायला घेतलं आणि मुद्दाम प्रत्येक भिंतीला घासत गेला, मला अजून दोन जागा सापडवून दिल्या. मी कापडाच्या मागे कागद धरून लिहून घेत होते. खेळ बाजारात आला तेव्हा त्या तिन्ही भिंती दुरुस्त होत्या.

वर मी व्हिडिओ बरा म्हटलं होतं. मंचाबद्दल अजूनही तेच म्हणेन, त्या दोन-अडीच महिन्यांचा राग गेलेला नाही. पण स्टॉल बंद पडला याचं मला वाईट वाटतं. खेळ बाजारात यायच्या आधी अनोळखी माणसाचे हात कंट्रोलरवर मी तिथेच पाहिले.

---

वाटसरू

स्टॉल परत आला तर मी पण येईन. भिंतींना घासायला.